विहीर तुमची, दोर मात्र मिळणार नाही

न्यूझीलंडमध्ये ३१ ऑक्टोबर २००८ च्या आधी तुम्ही रोख पैसे मोजून आणलेली गाण्याची सीडी स्वतःच्या आयपॉडवर चढवलीत, तर तुम्ही कायदा मोडत होतात. हो, सीडी तुमची, आयपॉड तुमचा, कानही तुमचेच. आयपॉड बाजारात आला २००१ साली. म्हणजे जवळजवळ सात वर्षं हा शांत, सज्जन देश घरोघरी गुन्हे करत होता आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. इथली माणसं एरवी रात्री अकरा वाजता रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही लाल सिग्नलला थांबतात, हे लक्षात घ्या!

२००८ साली सरकारने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली आणि ८१ए नावाचं एक कलम घातलं. त्याचा सारांश असा: ध्वनिमुद्रण तुम्ही रीतसर मिळवलेलं असलं पाहिजे, उसनं किंवा भाड्याने आणलेलं चालणार नाही. प्रत तुम्ही स्वतःसाठी किंवा तुमच्या घरात राहणाऱ्या माणसांसाठी करायची. तुमच्या मालकीच्या प्रत्येक यंत्रासाठी एकच प्रत. मूळ डिस्क विकून टाकून प्रत ठेवून घ्यायची नाही. आणि विकत घेताना तुम्ही कॉपीबद्दल वेगळा करार केला असेल, तर तो करार चालणार. एवढं पाळलंत तर खुशाल करा.

मला हे कलम मनापासून आवडतं. एखाद्या समजूतदार आजोबांनी घरातल्या पोरांना घालून दिलेल्या नियमांसारखं ते आहे. ब्रिटनला तर तेवढंही जमलं नाही. तिथे १ ऑक्टोबर २०१४ ला अशीच सवलत दिली आणि २०१५ च्या जुलैमध्ये कोर्टाने ती रद्द करून टाकली.

मग तक्रार कसली? सांगतो. पण त्यासाठी आधी थोडं तांत्रिक पुराण ऐकावं लागेल. घाबरू नका, गणित सातवीच्या वर जात नाही.

साध्या सीडीवर दोन चॅनेल असतात, डावा आणि उजवा. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहितात. गुणाकार केला की सेकंदाला साधारण १४ लाख बिट होतात. १९९९ साली सोनी आणि फिलिप्स यांनी सुपर ऑडिओ सीडी आणली, म्हणजे एसएसीडी. २००० साली तिची प्रतिस्पर्धी डीव्हीडी-ऑडिओ आली. दोघींचं आश्वासन एकच: आवाज आणखी बारकाईने साठवू, आणि दोनऐवजी सहा चॅनेल देऊ. समोर तीन, मागे दोन आणि खर्जासाठी एक. यालाच ५.१ म्हणतात.

आता डीव्हीडी-ऑडिओचा हिशोब करू. सहा चॅनेल, सेकंदाला ९६,००० नमुने, नमुन्याला २४ बिट. गुणाकार येतो सेकंदाला १ कोटी ३८ लाख बिट. पण डीव्हीडी-ऑडिओची वाहून नेण्याची मर्यादा आहे सेकंदाला ९६ लाख. म्हणजे गाडी पुलापेक्षा रुंद झाली! त्यावर मेरिडियन या ब्रिटिश कंपनीने एमएलपी नावाची युक्ती काढली. एकही बिट न गमावता आवाज घडी घालून ठेवायचा आणि वाजवताना घडी मोडायची. झिप फाइलसारखंच, फक्त संगीतासाठी.

एसएसीडीचा मार्ग अगदी वेगळा. तिथे नमुना एकाच बिटाचा, पण सेकंदाला २८ लाखांहून जास्त वेळा, नेमकं सांगायचं तर सीडीच्या वेगाच्या ६४ पट.

इतका बारीक आवाज माणसाला ऐकू येतो का? इंजिनिअर म्हणून खरं ते सांगितलं पाहिजे. २००७ साली मेयर आणि मोरान या दोघांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. या भारी डिस्कचा आवाज मध्येच सीडीच्या दर्जाच्या चिंचोळ्या बोळातून काढला, तर ऐकणाऱ्यांना फरक ओळखता येतो का, हे त्यांनी तपासलं. नेहमीच्या आवाजाच्या पातळीवर ओळखता आला नाही. त्यावर नंतर पुष्कळ वाद झाले, पण माझा कौल त्यांच्याच बाजूने आहे. ९६ हजार की ४४ हजार, या भांडणात मला रस नाही. माझा जीव अडकलाय तो त्या मागच्या दोन स्पीकरांत.

का ते सांगतो. पाश्चात्त्य संगीतसभेत श्रोते अंधारात चिडीचूप बसतात आणि टाळ्या शेवटी वाजवतात. आपली बैठक तशी नाही. समोर गायक, एका हाताला तबला, दुसऱ्या हाताला पेटी, गायकाच्या मागे तानपुऱ्यांची जोडी. आणि तुमच्या मागे? तुमच्या मागे बाकीची बैठक! समेवर आल्यावर पाठीमागून उठणारी ती "वाऽ", कुणाचा मांडीवर पडलेला हात, जागा आवडली म्हणून सुटलेला चुकचुकाट. गायक त्याच्याकडे बघून गातो आणि तीच जागा पुन्हा घेतो. दोन चॅनेलमध्ये हे सगळं गायकाच्या अंगावर येऊन पडतं, जणू श्रोते स्टेजवर चढून बसलेत. चार चॅनेल असले की जो तो आपापल्या जागी बसतो. माझं तर मत आहे की ५.१ चा शोध लागला सिनेमातली विमानं मागून पुढे उडवण्यासाठी, पण तो खरा शोभतो आपल्या बैठकीला.

हे नुसतं बोलत नाही, करून पाहिलंय. तीन वर्षांपूर्वी इथे क्राइस्टचर्चला एका मित्राच्या घरी गाणं झालं. पाहुणे गायक पुण्याचे. त्यांची आणि जमलेल्या सगळ्यांची आधी परवानगी घेतली, आणि ठरलं की प्रती फक्त आलेल्या माणसांनाच द्यायच्या. दोन माइक गायकासमोर, दोन खोलीच्या मागच्या कोपऱ्यांत श्रोत्यांकडे तोंड करून. हीटपंप बंद करायला लावला, कारण त्याची घरघर माइकला तानपुऱ्याइतकीच आवडते. जुलै महिना, म्हणजे इथला ऐन हिवाळा. मंडळी शाली गुंडाळून बसली, पण उठलं कुणी नाही.

मग घरी डिस्क बनवायला बसलो. इथे परत थोडं गणित, कारण मजा त्यातच आहे. एमएलपीचं सॉफ्टवेअर तेव्हा माझ्याकडे नव्हतं, म्हणून आवाज घडी न घालता, जसाच्या तसा ठेवायचा होता. चार चॅनेल, ९६ हजार नमुने, २४ बिट: सेकंदाला ९२ लाख १६ हजार बिट. मर्यादा ९६ लाख. बसलं! अगदी कुर्ला स्टेशनवर शेवटच्या क्षणी डब्यात शिरावं तसं बसलं. पण साध्या ४.७ जीबीच्या डिस्कवर असे फक्त ६८ मिनिटं मावतात, आणि गाणं झालं होतं दोन तास. मग नमुने निम्मे केले, ४८ हजार. वेळ दुप्पट झाला, १३६ मिनिटं. कानाला त्यात काही फरक पडत नाही, हे वर सांगितलंच आहे. २४ बिट मात्र सोडले नाहीत, कारण ध्वनिमुद्रण करताना गायक अचानक तारसप्तकात गेला तर आवाज फाटू नये म्हणून वर मोकळी जागा ठेवावी लागते आणि ती २४ बिटांत मिळते.

डीव्हीडी-ऑडिओ डिस्क बनवण्याचं सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त मिळतं. प्रत्येक रागाची वेगळी फाइल करायची, चॅनेलचा क्रम नीट लावायचा (मागचा डावा मागच्या उजव्यात गेला तर पेटी खिडकीतून वाजल्यासारखी वाटते), सगळं ऑडिओ_टीएस नावाच्या फोल्डरात टाकायचं आणि डिस्क जाळायची. दोन रविवार गेले. एसएसीडी मात्र घरी बनत नाही. तिच्या खड्ड्यांच्या आकारातच एक खूण दडवलेली असते, ती कारखान्यातच उमटते आणि घरातल्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह तिला ओळखतसुद्धा नाही.

त्या बैठकीच्या डिस्कमध्ये मागच्या डाव्या स्पीकरमधून एक दाद सारखी येते. ती आमच्या इथल्या एका काकांची. काका मागच्या वर्षी गेले. काकूंकडे सहा स्पीकर नाहीत, डीव्हीडी प्लेअरही नाही. त्यांना मी त्या चार चॅनेलचे दोन करून, काकांचा आवाज किंचित वर उचलून, पेनड्राइव्हवर घालून दिलं. कामाला एक संध्याकाळ लागली आणि कुणाची परवानगी लागली नाही, कारण त्या डिस्कवर कुलूप नव्हतं.

आता मूळ तक्रारीकडे येतो. माझ्याकडे दुकानातून आणलेल्या अशा बहुचॅनेल डिस्क साठेक आहेत. काही नव्या, बऱ्याचशा इथल्या सेकंडहँड दुकानांतून. गेल्या वर्षी माझा प्लेअर बंद पडला. दुरुस्तीवाल्याने लेझरचा भाग बदलावा लागेल असं सांगितलं आणि तो भाग आता कुठे मिळत नाही, हेही सांगितलं. मी घरी बनवलेल्या डिस्क त्याच आठवड्यात साध्या फाइली होऊन एका छोट्या कॉम्प्युटरवरून वाजायला लागल्या, सगळ्या चॅनेलसकट. पैसे देऊन आणलेल्या साठ डिस्क मात्र मुक्या झाल्या. म्हणजे जे फुकट केलं ते जगलं आणि जे विकत घेतलं ते अडकलं.

कारण कुलूप. डीव्हीडी-ऑडिओवर सीपीपीएम नावाचं सांकेतिक कुलूप असतं, आणि वर आवाजातच मिसळलेली एक छुपी खूण. एसएसीडीचं सांगितलंच. सुरुवातीला तर या प्लेअरमधून डिजिटल वायरने आवाज बाहेर काढायलाच बंदी होती. सहा चॅनेलच्या सहा अॅनालॉग वायरी प्लेअरमागून अॅम्प्लिफायरमागे, भिंतीवरच्या पालीच्या शेपट्यांसारख्या लोंबत असायच्या. एचडीएमआयच्या एका वायरीने ते काम होऊ लागलं, तोवर गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं होतं.

तुम्ही म्हणाल, दुसरा प्लेअर घे की. घेईन, आज अजून मिळतो. पण दिशा बघा. सोनीने स्वतःच्या प्लेस्टेशन ३ मधून एसएसीडी वाजवायची सोय पहिल्या काही मॉडेलांनंतर काढून टाकली. ज्यांचे प्लेअर या डिस्कांसाठी नावाजलेले होते त्या ओप्पो डिजिटलने २०१८ साली नवी यंत्रं काढणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. डीव्हीडी-ऑडिओ वाजवणारी नवी यंत्रं आता बोटांवर मोजावी लागतात. आणि २०२१ पासून अॅपल म्युझिकवर सगळीकडून येणारा आवाज मिळतो हे खरं, पण तो नव्याने केलेल्या मिश्रणांचा. माझ्या डिस्कांवरची २००१-०२ सालची मिश्रणं तिथे असतीलच असं नाही, आणि असली तरी महिन्याचं भाडं थांबलं की गाणं थांबतं.

मग ८१ए कलम काय कामाचं? ते तर म्हणतं, प्रत करा. खरी गंमत इथे आहे. २००८ च्या त्याच दुरुस्तीत पुढे २२६ क्रमांकाची कलमं आहेत, कुलपांबद्दलची. त्यात कुलूप उघडण्याचं हत्यार बनवणाऱ्याला, आयात करणाऱ्याला, विकणाऱ्याला बंदी आहे, जर ते हत्यार चोरीसाठी वापरलं जाईल किंवा जाण्याची शक्यता आहे असं त्याला वाटायला जागा असेल तर. धंदा म्हणून केलं तर दीड लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता मला सांगा, कुठला दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणेल की माझं हत्यार एकही गिऱ्हाईक चोरीला वापरणार नाही? स्वयंपाकाच्या सुरीबद्दलसुद्धा असं कुणी सांगू शकणार नाही. म्हणून तो विकतच नाही.

पण कायदा करणारे काही दुष्ट नव्हते. हक्क असलेल्या माणसाने करायचं काय, याचीही सोय त्यांनी लिहून ठेवली आहे. आधी त्याने हक्कधारकाला विचारायचं, "मला मदत करा." त्याने नकार दिला किंवा रास्त मुदतीत उत्तरच दिलं नाही, तर एखाद्या 'पात्र' व्यक्तीकडे जायचं आणि तिच्याकडून ते काम करवून घ्यायचं. पात्र कोण? ठरलेल्या ग्रंथालयांचे ग्रंथपाल, अभिलेखागारं, शिक्षणसंस्था. म्हणजे मला माझ्याच डिस्कवरचे मागचे दोन चॅनेल माझ्याच दिवाणखान्यात ऐकायचे असतील, तर मी ग्रंथपालाच्या टेबलासमोर उभं राहायचं.

मी तेही करून पाहिलं. एका हक्कधारक कंपनीला पत्र लिहिलं, उत्तर नाही. एका ग्रंथालयात विचारलं. तिथल्या बाई फार सौजन्याने वागल्या, त्यांनी कलम माझ्यासमोर उघडून वाचलं, वरिष्ठांना फोन केला आणि शेवटी म्हणाल्या की असा अर्ज घेऊन आलेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, आणि हत्यार त्यांच्याकडे नाही. त्यांचा काय दोष? पुस्तकं सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात किल्ल्यांचा जुडगा देऊन कायदा मोकळा झाला, जुडग्यात किल्ली एकही नाही.

यालाच मी म्हणतो, विहीर तुमची, पाणी तुमचं, दोर-बादली मात्र गावात कुणी विकायची नाही.

इंटरनेटवर हत्यारं सापडतात, हे काही गुपित नाही. २०११ नंतर एसएसीडीचंही कुलूप जुन्या प्लेस्टेशनवर उघडलं गेलं. मी इंजिनिअर आहे, मला वाट सापडेल. पण हक्क जर फक्त इंजिनिअरलाच बजावता येत असेल तर तो हक्क कसला? माझ्या शेजारचे निवृत्त शिक्षक आहेत, ऑर्केस्ट्राचे वेडे, त्यांच्याकडे माझ्याहून जास्त डिस्क आहेत. त्यांना इंटरनेटच्या त्या गल्लीबोळांत पाठवायचं, जिथे हत्याराबरोबर दोन व्हायरसही घरी येतात? कायद्याने दिलेली गोष्ट बेकायदा वाटावी, अशा वाटेने का मिळावी?

याच कायद्याने एका ठिकाणी मात्र मोठा शहाणपणा दाखवलाय. न्यूझीलंड डीव्हीडीच्या चौथ्या विभागात येतं, भारत पाचव्या. भारतातून आणलेली डीव्हीडी इथे वाजू नये म्हणून जी अडवणूक असते, ती संरक्षण देण्याजोगं कुलूपच नाही, असं कायदा स्पष्ट म्हणतो. अस्सल डिस्क आहे, तुम्ही फक्त बघताय, मग अडवायचं कशाला? बॅगेत मराठी सिनेमे भरून आणणाऱ्या आम्हा मंडळींवर हे उपकारच. माझं म्हणणं एवढंच की तोच विचार एक पाऊल पुढे न्या.

आता दुसरी बाजू. ती आहे, आणि ती मी झटकून टाकणार नाही. कलाकाराचं पोट त्याच्या ध्वनिमुद्रणावर चालतं. कुलूप काढण्याची हत्यारं दुकानात मांडली तर दहातले नऊ जण स्वतःच्या डिस्कसाठी वापरतील आणि दहावा मित्रांच्या पन्नास डिस्क ओरपेल. हे खरं आहे. पण त्या दहाव्याला आज कोण अडवतंय? त्याला डिस्कचीही गरज नाही, त्याला तयार फाइल फुकट मिळते. कुलूप आडवं येतं ते फक्त ज्याने पैसे मोजले त्याच्या. चोर भिंतीवरून गेला आणि दारावरचा पहारेकरी घरमालकाचीच ओळखपत्रं तपासतोय, असा हा प्रकार आहे. शिक्षा चोरीला द्या, आणखी कडक द्या, माझी हरकत नाही. हत्याराला देऊ नका.

अमेरिकेत तर १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडणं हाच गुन्हा ठरवला, आत चोरी झाली असो वा नसो. ४ फेब्रुवारी २०१६ ला इथे ऑकलंडमध्ये ज्या बारा देशांच्या टीपीपी करारावर सह्या झाल्या, त्यातून तीच पद्धत न्यूझीलंडवर येऊ घातली होती. २०१७ मध्ये अमेरिकाच करारातून बाहेर पडली आणि उरलेल्या अकरा देशांनी २०१८ च्या नव्या करारात ती कलमं बाजूला ठेवली. म्हणजे थोडक्यात वाचलो. पण वाचलो ते नशिबाने, कुणी विचार करून नाही.

तिकडे बसून तुम्ही म्हणाल, या साहेबी डिस्कांचं आम्हाला काय? आमच्या घरात सहा स्पीकर नाहीत. बरोबर. म्हणून आता जरा आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्डकडे वळतो, कारण कुलपाने नेमकं काय जातं ते तिथे दिसतं.

बालगंधर्व १९६७ साली गेले. त्यांची ७८ गतीची रेकॉर्ड आज तुम्हाला मोबाईलवर ऐकता येते. ती तिथे आली कशी? कंपनीने काही निवडक गाणी कॅसेटवर, सीडीवर आणली हे खरं. पण बाकीचा केवढा तरी ऐवज टिकला तो संग्राहकांमुळे. कुणी जुन्या बाजारातून रेकॉर्ड उचलली, कुणी स्पूलवर उतरवली, कुणी कॅसेटवर, मग कॉम्प्युटरवर. मुंबईत १९९० साली रेकॉर्ड जमवणाऱ्यांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स नावाची संस्थाच काढली, सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी त्यात वर्षानुवर्षं काम केलं. हे सगळं शक्य झालं एकाच कारणाने. ग्रामोफोनची सुई खाचेत ठेवली की ती वाजते. सुई तुम्हाला विचारत नाही, "तू कोण, परवानगी आहे का?" सुई आणि खाच यांच्यामध्ये कुलूप नव्हतं म्हणून तीन-साडेतीन मिनिटांची ती गाणी कंपन्यांच्या उलाढालींतून, पावसाळ्यांतून आणि घरं रिकामी करण्याच्या साफसफाईतून आपल्यापर्यंत आली.

आता कल्पना करा, त्या रेकॉर्डवर सीपीपीएमसारखं काही असतं तर? यंत्र बंद पडलं, किल्ली देणारी कंपनी बुडाली, संपलं. बालगंधर्व कसे गात हे आपण फक्त आजोबांच्या तोंडून ऐकलं असतं.

आणि इथेच कायद्याचा आणि कुलपाचा खरा फरक आहे. कॉपीराइट हा मुदतीचा सौदा आहे. भारतात ध्वनिमुद्रणाला साठ वर्षं, न्यूझीलंडमध्ये पन्नास (युरोपीय महासंघाशी झालेल्या करारात ती सत्तर करायचं इथल्या सरकारने कबूल केलंय). मुदत संपली की गाणं सगळ्यांचं. पण कुलपाला मुदत नाही. २००० साली पहिल्यांदा निघालेलं ध्वनिमुद्रण २०५१ साली किंवा २०७१ साली लोकांच्या मालकीचं होईल, तेव्हाही डिस्क बंदच असेल. पन्नास-सत्तर वर्षं थांबा म्हणजे घर तुमच्या नावावर करतो असं सांगायचं, आणि त्या दिवशी किल्ली समुद्रात गेलेली असायची. क्राइस्टचर्चला राहणाऱ्या माणसाला तर हे जास्तच टोचतं. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात इथल्या एका सहकाऱ्याचं डिस्कचं कपाट आडवं झालं. ज्यांची प्रत होती त्या डिस्क पुन्हा उभ्या राहिल्या, बाकीच्यांचे तुकडे झाडूने भरावे लागले.

भारतीय कायदा या बाबतीत मला इथल्यापेक्षा सरळ वाटतो. स्वतःच्या खाजगी वापरासाठी रास्त व्यवहार आपल्या ५२ व्या कलमात बसतो. २०१२ साली ६५ए कलम आलं, त्यात कुलूप तोडणं गुन्हा आहे तो हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं तरच. कायद्याने मना नसलेल्या कामासाठी तोडलं तर गुन्हा नाही. दुसऱ्याला मदतही करता येते, फक्त मदत करणाराने समोरच्याचं नाव, पत्ता, कारण सगळं नोंदवून ठेवायचं, लॉजच्या रजिस्टरसारखं. थोडा सरकारी वास आहे त्याला, पण निदान गावात दोर मिळतो!

माझ्या मागण्या फार नाहीत. एक, ज्या कामाला कायदा परवानगी देतो, त्या कामाचं हत्यारही उघडपणे मिळावं. हवं तर आपल्यासारखी वही ठेवा. दोन, कुलूप घालून विकायचं असेल तर एक कुलूप नसलेली प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवावी, मुदत संपली की ती उघडी करावी. तीन, ८१ए ची सवलत फक्त ध्वनिमुद्रणाला आहे, चित्रफितीला नाही. त्यामुळे तीच मैफल ऑडिओ डिस्कवर असली तर प्रत करता येते आणि डीव्हीडीवर गायक दिसायला लागला की करता येत नाही. हा भेद कुणाला समजावून सांगता आला तर मला सांगा.

आणि तुमच्यासाठी एक विनंती, कायदा बदलायची वाट न बघता करण्यासारखी. तुमच्या घरात, मंडळाच्या कपाटात, एखाद्या म्युझिक सर्कलच्या माळ्यावर स्पूल असतील, कॅसेट असतील, लग्नात आजीने म्हटलेली गाणी असतील, नाटकांच्या व्हीसीडी असतील. त्यांच्यावर कुलूप नाही, पण बुरशी आहे, आणि ती वाजवणारी यंत्रं दर पावसाळ्याला कमी होतायत. या दिवाळीच्या सुट्टीत बसा. साध्या, सगळीकडे चालणाऱ्या फाइलीत उतरवा, गाणारा कोण, साल कुठलं, जागा कुठली ते नावात लिहा, दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. नवं ध्वनिमुद्रण करणार असाल तर गायकाला आधी विचारा, आणि जमलं तर दोन माइक श्रोत्यांकडेही तोंड करून ठेवा.

गाणारा काय, त्याच्या दहा बैठका कुठे ना कुठे सापडतील. दाद देणारा सापडत नाही.

असो. बघा पटतंय का.